वन्य सस्तन प्राण्यांच्या केसांतून संप्रेरकं मोजताना: रानातल्या चिमटीपासून कागदावरच्या आकड्यापर्यंत

केस कापले, दळले, एलायझा किटवर (प्रतिद्रव्यांच्या मदतीने संप्रेरक मोजणारा संच) लावले, आकडा आला. मग कुणीतरी विचारतं, "हा आकडा कुठल्या महिन्यांचा?" आणि तिथे गाडी अडते. केसांतल्या संप्रेरकांवरचे आराखडे मी वाचते तेव्हा चुका जवळजवळ ठरलेल्याच दिसतात. केस कधी वाढला ते माहीत नसतं. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले असतात. किती वेळा धुतले त्याची नोंद नसते आणि वजन दळण्याआधी केलेलं असतं. यातली एकही चूक यंत्रावर दुरुस्त होत नाही. म्हणून कामाचा क्रम इथे सविस्तर देते आहे. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट ध्यानात ठेवा: केस बोलतो तो फक्त त्याच्या वाढीच्या दिवसांबद्दल.

### १. आधी प्रश्न तपासा

केस वाढत असताना त्याच्या मुळाभोवतीच्या रक्तवाहिन्यांतून कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं), टेस्टोस्टेरॉन (नरात जास्त असणारं), प्रोजेस्टेरॉन (गाभणपणाशी जोडलेलं) यांसारखी संप्रेरकं केसाच्या दांड्यात झिरपतात. त्यातही प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा भागच मुख्यतः आत जातो. थोडी भर त्वचेच्या तेलातून आणि घामातून पडते. केशकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतली खोबण, स्वतःही थोडं कॉर्टिसॉल तयार करतो. वाढ थांबली की रक्ताकडून येणारी वाट बंद होते.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. रक्तातलं कॉर्टिसॉल प्राणी हाताळायला लागल्यापासून काही मिनिटांत चढतं. विष्ठेतले अंश तासा-दिवसांची गोष्ट सांगतात. केस आठवड्या-महिन्यांची सरासरी सांगतो. काल रात्री झालेल्या एका गोंगाटाचा परिणाम शोधायचा असेल तर केसांच्या वाटेला जाऊ नका, विष्ठा गोळा करा. दीर्घकाळच्या बदलाला मात्र केस चांगला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऱ्हीसस माकडांवरच्या अभ्यासात माकडं नव्या जागी हलवल्यावर त्यांच्या केसांतलं कॉर्टिसॉल वाढलेलं दिसलं आणि वर्षभरानंतर ते खाली आलेलं होतं. केसाला विचारावा असा प्रश्न हा असा असतो.

तपासणी: तुमच्या प्रश्नात "त्या दिवशी" असा शब्द येतो की "त्या मोसमात"? "त्या दिवशी" येत असेल तर इथेच थांबा.

### २. केसांच्या वाढीचं कॅलेंडर तयार करा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यायचा असतो आणि नेमका हाच टप्पा वगळला जातो.

माणसाच्या डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून त्याचे तुकडे करून महिनावार अंदाज बांधतात. हा हिशेब वन्य प्राण्याला लावू नका. बहुतेक वन्य प्राण्यांचा केसांचा पोशाख ठरावीक काळात वाढतो, मग महिनोन्‌महिने तसाच अंगावर राहतो आणि मोसम आला की झडतो. लांबी सारखी असली तरी काळ सारखा नसतो.

तपकिरी अस्वल घ्या. त्याचा पोशाख वर्षातून एकदा झडतो. नवा पोशाख उन्हाळ्याच्या सुमाराला यायला लागतो आणि शरद ऋतूपर्यंत वाढतो. अशा अस्वलाचा केस वसंतात हाती आला, तर तो मागच्या वर्षीच्या उन्हाळा-शरदाबद्दल बोलतो, नुकत्याच संपलेल्या हिवाळी झोपेबद्दल नाही. तोच केस ऐन झडण्याच्या काळात उचलला तर एका चिमटीत मागच्या वर्षीचे आणि यंदाचे केस एकत्र येतात. थंड प्रदेशातल्या कित्येक हरणांना वर्षात दोन पोशाख असतात, उन्हाळी आणि हिवाळी. तिथे कुठल्या पोशाखातला केस घेतला हे न लिहिता दिलेला आकडा निरुपयोगी आहे.

कॅलेंडर असं बांधता येतं:

- तुमच्या प्रजातीची केस झडण्याची वर्णनं जुन्या प्राणिशास्त्रीय लेखनातून काढा. पण अक्षांश आणि उंची वेगळी असेल तर त्यातले महिने जसेच्या तसे उचलू नका.
- कॅमेरा ट्रॅपचे फोटो महिनावार लावा. मान, खांदा आणि पाठ यांवरचे विस्कटलेले, दोन रंगांचे पट्टे डोळ्यांना दिसतात.
- बंदिस्त प्राणी उपलब्ध असतील तर अंगावर एक छोटा चौकोन भादरा आणि तो कधी, किती भरतो हे दर पंधरवड्याला मोजा.

भादरून पुन्हा उगवलेला केस घेण्याची पद्धत सर्वांत नेमकी असते, कारण सुरुवातीची तारीख तुमच्या हातात असते. त्यासाठी तोच प्राणी दुसऱ्यांदा हाती लागायला हवा, एवढीच अडचण. भादरलेली जागा लगेच भरेल असंही धरून चालू नका. केस वाढीच्या काळात नसेल तर ती पुढच्या मोसमापर्यंत तशीच राहू शकते.

तपासणी: "हे केस अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत वाढले" हे वाक्य तुम्हाला आधाराने लिहिता येतं का? येत नसेल तर रानात जाण्याची तयारी झालेली नाही.

### ३. अंगावरची जागा आणि केसाचा प्रकार ठरवा

मानेवरचा केस आणि पोटावरचा केस एकसारखा आकडा देत नाही. ग्रिझली अस्वलांमध्ये शरीराच्या भागानुसार कॉर्टिसॉल बदलताना आढळलं आहे. म्हणून एकच जागा ठरवा आणि पूर्ण अभ्यासभर तीच ठेवा. खांद्याचा वरचा भाग बहुधा सोयीचा पडतो, कारण तिथे मूत्र-विष्ठा लागण्याची शक्यता कमी असते आणि प्राण्याची जीभ तिथपर्यंत क्वचितच पोचते. पोट, शेपटीखालचा भाग, पाय हे टाळा.

दुसरं म्हणजे केसाचा प्रकार. वरचे लांब, राठ केस आणि अंगालगतची मऊ लव यांची जाडी वेगळी, वाढीचा काळही वेगळा असू शकतो. बहुतेक कामांत राठ केस घेतात आणि लव बाजूला काढतात. लहान प्राण्यांत हे वेगळं करणं शक्य नसेल तर एकत्र घ्या, पण सगळ्यांचं एकत्रच घ्या. अर्ध्या नमुन्यांतून लव काढलेली आणि अर्ध्यांत तशीच ठेवलेली, असं झालं तर तो संच वाचवता येत नाही.

### ४. परवानग्या

वन विभाग, प्राणिनैतिकता समिती आणि जमीनमालक या तिघांचे कागद नमुना घेण्यापूर्वी हातात हवेत. संरक्षित प्रजातीचा केस सीमेपलीकडच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर साइट्स करारानुसार (संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परवाना लागू शकतो. केस ही "किरकोळ वस्तू" आहे असं समजून पाकीट टपालात टाकू नका.

### ५. केस गोळा करणं

बेशुद्ध केलेल्या किंवा पकडलेल्या प्राण्याकडून: केस उपटू नका, त्वचेलगत कापा किंवा मशीनने भादरा. उपटलेल्या केसाबरोबर मूळ येतं आणि मुळाजवळच्या पेशींत अगदी ताज्या काळातलं संप्रेरक असतं. पकडण्याचा ताण तुमच्या नमुन्यात शिरतो तो याच वाटेने. पातं प्रत्येक प्राण्यानंतर अल्कोहोलने पुसा. रक्त लागलेली बट वेगळी ठेवा.

केस-सापळ्यातून: अस्वलांसाठी वासाच्या आमिषाभोवती झाडांना साधारण ५० सेंटिमीटर उंचीवर काटेरी तार बांधतात. तारेखालून जाताना केस काट्यात अडकतात. इथे शरीराची जागा तुमच्या हातात राहत नाही, ती तारेची उंची ठरवते. म्हणून उंची बदलू नका. प्रत्येक काट्यावरचा झुबका वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण शेजारच्या काट्यावर दुसराच प्राणी असू शकतो. केस काढून झाल्यावर काटा ज्योतीने भाजा, नाहीतर पुढच्या फेरीत आधीच्या प्राण्याचे अवशेष येतील. सापळा वारंवार तपासा. ऊन आणि पाऊस दोन्ही केसातलं संप्रेरक कमी करू शकतात.

सापळ्यातल्या केसाला मूळ असतं आणि ते इथे उपयोगी पडतं. मुळातून डीएनए मिळतो, त्यावरून प्राणी कोण आणि नर की मादी ते कळतं. मूळ कापून डीएनएसाठी ठेवायचं आणि उरलेला दांडा संप्रेरकासाठी वापरायचा. दोन्ही पाकिटांवर एकच क्रमांक हवा.

मेलेल्या प्राण्याकडून: अंग कुजायला लागलं असेल किंवा शरीरद्रव केसांत उतरलं असेल तर नमुना सोडून द्या. संग्रहालयातल्या कातड्यांवर कमावण्याची रसायनं असतात, त्यांची आधी वेगळी चाचणी घ्या.

सावधान: मांसभक्षक प्राण्याच्या विष्ठेतले केस वापरू नका. ते बहुतेक वेळा भक्ष्याचे असतात आणि आतड्यातून आलेले असतात.

सावधान: हातमोजे प्रत्येक नमुन्यासाठी बदला. हे केवळ संसर्गापासून बचावासाठी नाही. त्वचेच्या कित्येक मलमांत हायड्रोकॉर्टिसोन असतं आणि ते रासायनिकदृष्ट्या कॉर्टिसॉलच आहे. सकाळी खाजेवर मलम लावलेल्या माणसाने उघड्या हाताने केस उचलला तर तुम्ही अस्वल नाही, माणूस मोजता आहात.

किती केस घ्यायचे? स्वच्छ केलेली ५० मिलिग्रॅम पूड हाती आली तर काम निवांत होतं. २० मिलिग्रॅममध्ये भागतं. उंदरा-चिचुंद्रीएवढ्या प्राण्यांत ५ ते १० मिलिग्रॅमवरही भागवावं लागतं. निवडणं, धुणं, दळणं यांत बरंच वाया जातं, म्हणून लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट घ्या. अर्थात प्राण्याच्या अंगावर उघडा चट्टा पडून त्याला थंडी बाधणार नाही, एवढं भान ठेवूनच.

### ६. पाकीट, चिठ्ठी, साठवण

कागदी पाकीट घ्या. आत काय ठेवलं, कुठल्या तारखेला, अंगावरच्या कुठल्या जागेवरून, राठ केस की मिश्र, नर की मादी, अंदाजे वय, केसाचा रंग, ओला होता की कोरडा, हे सगळं पाकिटावर पेन्सिलने लिहा. शाईवर अल्कोहोलचा एक थेंब पडला की अक्षरं जातात.

सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा पहाटेच्या दवात गोळा केलेले केस प्लास्टिकच्या झिप पिशव्यांत बंद केले आणि पेटीत ठेवून दिले. महिन्याने पिशवी उघडली तर वास आला, आणि केसांच्या बुंध्यांशी राखाडी बुरशीचे ठिपके. तो सगळा संच टाकून द्यावा लागला. तेव्हापासून केस आधी सावलीत, कागदावर पसरून पूर्ण वाळवते आणि मगच पाकीट बंद करते.

नीट वाळलेला केस खोलीच्या तापमानाला, अंधारात, सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवला तर दीर्घकाळ टिकतो. शीतपेटीची गरज नाही. उलट गोठवणं आणि वितळवणं यातून ओल येते. खिडकीजवळचा कप्पा मात्र नको.

### ७. धुणं: इथे घाई नको

धुण्याचा हेतू बाहेरून लागलेलं संप्रेरक काढणं हा आहे. आतलं मात्र हलता कामा नये. या दोन्हींमधली रेघ बारीक आहे.

1. भिंगाखाली निवड करा. चिखल, गवत, कीटक चिमट्याने काढा. मुळं कात्रीने कापून टाका.
2. दिसणारं रक्त, मूत्र, विष्ठा असलेले केस बाजूला काढा. ते धुऊन वापरण्याचा मोह टाळा. मूत्रातलं आणि विष्ठेतलं संप्रेरक केसात मुरलेलं असू शकतं.
3. आयसोप्रोपेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने हलवा, ओता, पुन्हा नवं घाला. पाण्याने केस फुगतो आणि आतलं संप्रेरक बाहेर यायला वाट मिळते. आयसोप्रोपेनॉलने केस कमी फुगतो, म्हणून ते बरं. शाम्पू तर नकोच.
4. फॉइलच्या वाटीत, हवेशीर फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढून नेणारं प्रयोगशाळेतलं कपाट) दोन-तीन दिवस वाळू द्या. ड्रायरचा झोत मारू नका.

किती वेळा धुवायचं? दुसऱ्याच्या लेखातला आकडा उचलू नका. तुमच्याच प्रजातीचे केस एकत्र मिसळा, त्यांचे सारखे वाटे करा. एक वाटा एकदा धुवा, दुसरा दोनदा, तिसरा तीनदा, असं पाच-सहापर्यंत जा. प्रत्येक धुवणाचं अल्कोहोल वेगळं जपून त्यातलं आणि केसातलं, दोन्ही संप्रेरक मोजा. पहिल्या धुवणात भरपूर, दुसऱ्यात थोडं, पुढे नगण्य, आणि केसातला आकडा एका पातळीला स्थिरावलेला, असं चित्र दिसलं की ती संख्या पक्की करा. धुवणात संप्रेरक कमी न होता येतच राहिलं आणि केसातलं मात्र उतरत गेलं, तर तुम्ही आतलाच माल बाहेर काढता आहात.

तपासणी: अल्कोहोल पिवळट किंवा गढूळ निघत असेल तर तो नमुना इतरांपेक्षा मळका आहे. त्याची नोंद करा. त्याला एकट्यालाच जास्त वेळा धुऊ नका.

### ८. दळणं आणि वजन

बॉल मिलमध्ये (भांड्यात गोळे हलवून दळणारं यंत्र) पिठासारखी पूड होईपर्यंत दळा. २५ ते ३० हर्ट्झवर काही मिनिटं लागतात. राठ केसाला थोडं जास्त लागतं. भांडं गरम झालं तर थांबून थांबून चालवा. दोन नमुन्यांच्या मध्ये भांडं आणि गोळे मिथेनॉलने धुऊन कोरडे करा. मिल नसेल तर केस कात्रीने अगदी बारीक कापता येतात, पण मग सगळेच नमुने कापलेले हवेत. दळलेल्या आणि कापलेल्या केसांतून संप्रेरक सारखं निघत नाही.

दळलेली पूड स्थिर विजेमुळे भांड्याच्या भिंतीला चिकटते, उडते, चमच्यावरून सरकते. म्हणून वजन दळल्यानंतर करा, आणि ज्या नळीत मिथेनॉल घालणार त्याच नळीत करा. आधी केस तोलून मग दळला तर भिंतीला चिकटलेली पूडही तुमच्या भागाकारात मोजली जाते आणि आकडा खोटा खाली येतो. शक्य तिथे सगळ्या नळ्यांत सारखंच वजन घ्या.

### ९. अर्क काढणं आणि हिशेब

५० मिलिग्रॅम पुडीत १ मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल घालून खोलीच्या तापमानाला १८ ते २४ तास सावकाश फिरवत ठेवा. मग सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे वेगाने फिरवून पूड तळाला बसवा, आणि वरचा स्वच्छ द्रव पूड न ढवळता काढून काचेच्या नळीत घ्या. ३८ ते ४० अंश सेल्सिअसला नायट्रोजनच्या झोताखाली तो सुकवा आणि किटच्या बफरमध्ये (किटसोबत येणारं द्रावण) विरघळवा. संप्रेरक नळीच्या भिंतीवर वरपर्यंत चिकटलेलं असतं, तेव्हा बफर भिंतीवरून फिरेल इतकं नीट हलवा. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. हे सगळं फ्यूम हूडखालीच करा.

हिशेबात हमखास राहून जाणारी पायरी एका उदाहरणात दाखवते. पूड ५० मिलिग्रॅम, मिथेनॉल १ मिलिलिटर, त्यातून काढलेला द्रव ०.६ मिलिलिटर, बफर ०.४ मिलिलिटर. किटने दाखवलं १२०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर.

- बफरमध्ये एकूण: १२०० × ०.४ = ४८० पिकोग्रॅम
- हे १ मिलिलिटरपैकी ०.६ मधलं, म्हणून पूर्ण: ४८० ÷ ०.६ = ८०० पिकोग्रॅम
- केसातलं प्रमाण: ८०० ÷ ५० = १६ पिकोग्रॅम प्रति मिलिग्रॅम

मधली ओळ विसरलात तर उत्तर ९.६ येतं आणि ते दिसायला इतकं साजूक असतं की कुणाला शंकाही येत नाही. किट मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात बोलत असेल तर १ म्हणजे १०,००० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, हे रूपांतर आधी करून घ्या.

### १०. किट तुमच्या प्राण्यासाठी चालतं का, हे सिद्ध करा

केसात प्रमाण कमी असतं, म्हणून लाळेसाठी बनवलेली संवेदनशील किट वापरतात. ती माणसाच्या लाळेसाठी पारखलेली असतात, तुमच्या हरणाच्या केसासाठी नाही. पारख तुम्हालाच करावी लागते.

- समांतरता: अर्क पायरीपायरीने पातळ करत मोजा. मिळणारी रेषा किटच्या प्रमाणित रेषेला (ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेली) समांतर हवी.
- परतावा: ठाऊक असलेलं संप्रेरक अर्कात मिसळा आणि ते किती परत सापडतं ते पाहा. ८० ते १२० टक्के साधारण ग्राह्य धरतात.
- पुनरावृत्ती: एकाच प्लेटवरचा (नमुने मोजायची खळग्यांची पट्टी) फरक १० टक्क्यांच्या आत, वेगवेगळ्या प्लेटमधला १५ टक्क्यांच्या आत.
- जैविक पडताळणी: टेस्टोस्टेरॉन मोजत असाल तर प्रौढ नर आणि पिल्लं वेगळी दिसायला हवीत, प्रोजेस्टेरॉनमध्ये गाभण आणि भाकड मादी. कॉर्टिसॉलसाठी बंदिस्त प्राण्याला एसीटीएच (शरीराला कॉर्टिसॉल सोडायला लावणारं संप्रेरक) देऊन पाहतात. पण केस सरासरी सांगत असल्याने एकाच डोसने फरक दिसेलच असं नाही, अनेक आठवडे पुन्हा पुन्हा द्यावं लागू शकतं. हे पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय करायचं काम नाही.

तुमच्या प्राण्यात ताणाचं मुख्य संप्रेरक कोणतं तेही तपासा. प्रयोगशाळेतल्या उंदीर-घुशींमध्ये कॉर्टिकोस्टेरॉन मुख्य असतं, पण म्हणून सगळ्या कुरतडणाऱ्या प्राण्यांना तोच नियम लावता येत नाही.

सावधान: सगळे नर एका प्लेटवर आणि सगळ्या माद्या दुसरीवर लावू नका. मग दोन प्लेटमधला फरक म्हणजे नर-मादीतला फरक असं वाटून बसाल. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. प्रत्येक प्लेटवर मिश्र केसांचा तोच एक ओळखीचा अर्क आणि केस न घातलेली एक कोरी नळी ठेवा.

### ११. आकडा वाचताना

आकडे सहसा एका बाजूला झुकलेले असतात, लॉगरिदम घेऊन तपासा. वजन कमी असलेल्या नमुन्यांतच आकडे फुगलेले दिसतात का ते पाहा. तसं असेल तर ती कहाणी प्राण्याची नाही, तराजूची आहे. वय, लिंग, तारीख आणि केसाचा रंग विश्लेषणात घ्या. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी थेट तुलना करू नका. धुणं, दळणं, किट यातलं एक जरी वेगळं असलं तरी मोजपट्टी बदलते.

लिहिताना "ताण जास्त" असं लिहू नका, "केसातलं कॉर्टिसॉल जास्त" असं लिहा. भूक, थंडी, गाभणपण, माजाचा काळ, यांतल्या कशानेही कॉर्टिसॉल चढतं. ते शरीराला ऊर्जा पुरवण्याच्या कामातलं संप्रेरक आहे. फार लांबलेल्या ताणात ते उलट खालीही येऊ शकतं. मला हा मुद्दा फार जवळचा आहे, कारण "या जंगलातले प्राणी तणावात नाहीत" असा निष्कर्ष एका कमी आकड्यावरून काढला गेला तर त्याची किंमत ते प्राणी मोजतात.

अहवालात केसवाढीचे महिने, अंगावरची जागा, केसाचा प्रकार, धुण्याचं द्रव आणि वेळा, पुडीचं वजन, मिथेनॉलचं घातलेलं आणि काढलेलं माप, किटचं नाव आणि पारखीचे चारही निकाल द्या. उरलेले न धुतलेले केस पाकिटात परत ठेवा आणि पाकिटावर लिहा: कधी उघडलं, किती घेतलं, किती उरलं.